ऑक्टेन वाढवलं म्हणजे रिमॅप झाला असं नाही

बडोद्यात कुठल्याही पंपावर गाडी लावा, नळी हातात घेतलेला पोरगा विचारणारच, "साहेब, पावर नाखी दऊं?" म्हणजे महागातलं प्रीमियम पेट्रोल टाकू का. आपण मान डोलावतो, लिटरमागे चार पैसे जास्त जातात, आणि अलकापुरीचं रेल्वेखालचं गरनाळं ओलांडेस्तोवर गाडी "हलकी" वाटायला लागते. दुसरीकडे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रिमॅप करून घेतलेली मंडळी आहेत. हे दोन्ही गट एकमेकांना बिनधास्त सल्ले देत असतात. एक म्हणतो, "रिमॅपवर कशाला खर्च करतोस, शंभर ऑक्टेन टाक की." दुसरा म्हणतो, "आपली गाडी ट्यून्ड आहे, आता कुठलंही पेट्रोल चालतं." पहिल्या सल्ल्यात नुसते पैसे जातात. दुसऱ्यात पिस्टन जाऊ शकतो.

रिमॅपबद्दल फार सांगत बसत नाही, कारण हे वाचणाऱ्याला ते बहुतेक ठाऊक असणार. ईसीयूत तक्ते असतात: किती आरपीएमला, किती लोडवर ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, टर्बोने हवेचा दाब किती द्यायचा, टॉर्कची मर्यादा कुठे ठेवायची. रिमॅप म्हणजे या तक्त्यांतले आकडे बदलणं. डबा तोच राहतो, त्यामुळे "ईसीयू बदलून घेतला" असं कुणी म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते. स्टेज वनला फक्त सॉफ्टवेअर, पुढच्या स्टेजला एक्झॉस्ट, इन्टेक वगैरे सामान. टर्बो पेट्रोलला यातून साधारण १५ ते २० टक्के जास्त ताकद मिळते, बिगर-टर्बोला जेमतेम चार-पाच टक्के. बिगर-टर्बो हॅचबॅकला रिमॅप करायला निघालेल्याने तेच पैसे चांगल्या टायरांवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घोळ होतो तो ऑक्टेनपाशी.

कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आपल्या उशाशी आहे, तिथे नोकरी करून निवृत्त झालेले काका-मामा दांडिया बाजारात घरटी सापडतील, तरीही याच गावात ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद असं सर्रास समजलं जातं. ऑक्टेनच्या आकड्याचा आणि लिटरमागे मिळणाऱ्या ऊर्जेचा थेट संबंध नाही. पुरावा तुमच्या टाकीतच आहे. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या आसपास, म्हणजे भल्याभल्या प्रीमियम पेट्रोलपेक्षा वर. पण त्याच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून तर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन चढलं आणि ॲव्हरेज मात्र थोडं उतरलं. ऑक्टेन म्हणजे ताकद असती, तर हे उलटं झालं असतं.

मग तो आकडा सांगतो काय? दाब आणि उष्णता वाढत असताना हे पेट्रोल आपण होऊन पेट न घेता किती तग धरतं, एवढंच. पिस्टन वर येताना मिश्रण दाबलं जातं, तो अगदी वर पोहोचायच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो, आणि ज्योत तिथून पसरत जाते. ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने एकदम भडकलं की नॉकिंग. कानाला ते डब्यात खडे हलवल्यासारखी किटकिट म्हणून ऐकू येतं. इंजिन जोरात चालवायचं तर ठिणगी लवकर हवी, दाब जास्त हवा. आणि नेमकं त्यानेच नॉकिंगचा धोका वाढतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हा धोका लांबवतं. मांजा पक्का आहे म्हणून पतंग आपोआप उंच जात नाही, पण पक्क्या मांजावर खेच जोरात मारता येते. ती खेच मारणारा हात म्हणजे ईसीयू.

आता इथे जाणकारही अडखळतात. म्हणतात, "हल्लीच्या गाड्यांना नॉक सेन्सर असतो, ईसीयू स्वतःच पेट्रोल ओळखून ॲडजस्ट करतो." अर्धंच खरं. ईसीयू पेट्रोल ओळखत नाही, तो नॉकिंग ऐकतो. ऐकू आलं की ठिणगी उशिरा टाकतो, टर्बो असेल तर दाबही उतरवतो. शांत झालं की हळूहळू परत पुढे सरकतो. पण कुठवर? कंपनीने तक्त्यात जी हद्द लिहिली आहे तिथवर. त्यापलीकडे एक अंशही नाही, मग टाकीत शंभर ऑक्टेन असो की त्याहून महाग काही. (काही मोजक्या गाड्यांच्या तक्त्यात वरच्या ऑक्टेनसाठी वाढीव जागा कंपनीनेच ठेवलेली असते, पण अशा गाडीच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं.)

पावागडचं उदाहरण घ्या. मे महिना, पाच माणसं, एसी चालू, आणि माचीच्या चढावर तुम्ही आळसाने गाडी तिसऱ्यातच रेटताय. आरपीएम कमी, लोड भरपूर, आत येणारी हवा तापलेली. नॉकिंगला याहून सोयीची वेळ नाही. टर्बो गाडी असेल तर ईसीयू इथे माघार घेतो आणि गाडी मरगळल्यासारखी वाटते. साध्याऐवजी वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल असतं तर माघार कमी घ्यावी लागली असती, आणि फरक खराच जाणवला असता. पण तो फरक म्हणजे गमावलेलं परत मिळणं. नवीन काही मिळालेलं नाही. तीच गाडी डिसेंबरच्या सकाळी, एकट्या माणसाला घेऊन एक्सप्रेसवेवर अहमदाबादकडे निघाली तर मुळात माघारच नसते, मग परत मिळणार काय? आणि बिगर-टर्बो, ९१ वर चालायला बेतलेल्या गाडीत तर पावागडलाही दुसरा गिअर टाकणं हा जास्त स्वस्त उपाय.

रिमॅप मात्र ती हद्दच पुढे सरकवतो. नवी हद्द कुठल्या तरी ऑक्टेनच्या भरवशावर ठरवलेली असते. ९७ किंवा १०० ऑक्टेन धरून बनवलेली फाइल (म्हणजे बदललेले तक्ते) गाडीत आणि टाकीत साधं पेट्रोल, असं झालं तर नॉक सेन्सर सतत मागे ओढत राहणार. ज्यासाठी पैसे मोजले ते मिळणार नाही, हा झाला बरा परिणाम. काही ट्यूनर सेन्सरची माघार घ्यायची मर्यादाच आवळून ठेवतात, कारण तसं केलं की डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, आकडा छान दिसतो. त्यांच्या गाड्यांचे पिस्टन मग गॅरेजच्या बाकावर दिसतात. म्हणून "ट्यून्ड आहे, कुठलंही चालतं" हे वाक्य नेमकं उलटं आहे: ट्यून्ड आहे म्हणूनच कुठलंही चालत नाही.

बाकीचे घोळ किरकोळ. अमेरिकन व्हिडिओतलं ९१ आणि आपलं ९१ वेगळं. ते लोक दोन चाचण्यांची सरासरी लावतात, आपण त्यातल्या एकाच चाचणीचा आकडा, म्हणजे आरओएन, लावतो, त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६. ई-२० मुळे आता साधं पेट्रोलच ९५ च्या घरात आलं आहे, त्यामुळे ९५ चा शिक्का मारलेल्या प्रीमियममध्ये तुम्ही मुख्यतः सफाईच्या ॲडिटिव्हचे पैसे देता. ते वाईट नाही, फक्त त्याला "पावर" म्हणू नका. डिझेलला ऑक्टेन लागूच नाही, तिथे सीटेन, आणि त्याचं तत्त्व उलटं: लवकर पेटलं पाहिजे. ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर "३० पॉइंट" लिहिलेलं असतं, त्यातला पॉइंट बहुधा एक दशांश असतो, म्हणजे वाढ तीनच. आणि ओबीडी पोर्टला (गाडी तपासायचं यंत्र जोडतात त्या सॉकेटला) लावायचा तो स्वस्तातला लुकलुकणारा तुकडा, ज्याला ईसीयू अपग्रेड म्हणून विकतात, त्यात दिवे लुकलुकवण्यापलीकडे बहुतेक वेळा काहीच नसतं. तो कुणाच्या गाडीत दिसला की मी विषय बदलतो.

रिमॅप करायचाच असेल तर ट्यूनरला पहिला प्रश्न ताकदीचा विचारू नका. फाइल किती आरओएन धरून बनवली आहे, हे विचारा. ते पेट्रोल तुमच्या रोजच्या रस्त्यावर मिळतं का ते बघा, आणि तुम्ही दाहोद किंवा छोटा उदेपूरच्या बाजूला वारंवार जात असाल तर तिथल्या पंपांवरही चौकशी करा. नाहीतर साध्या पेट्रोलची फाइल मागा. ताकद थोडी कमी वाढेल, चालेल. नॉकिंगची माघार किती अंश होते याचा लॉग मे महिन्यातला मागा, जानेवारीतला नको. मूळ कंपनीची फाइल स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. इंजिनची वॉरंटी जाऊ शकते, विमा कंपनीला बदल कळवावा लागतो, हे तो सांगणार नाही, तुम्हीच धरून चाला. आणि आरओएनच्या प्रश्नावर तो "सब चलेगा, साहेब" म्हणाला, तर किल्ली खिशात घालून सरळ निघून या.