अभयारण्य की राष्ट्रीय उद्यान? सोलापुरातून गाडी काढण्याआधी

सोलापूर जिल्ह्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. शेजारच्या धाराशिवमध्ये नाही, अख्ख्या मराठवाड्यात नाही. राज्यात आहेत ती सहा. ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल ही चार विदर्भात, एक मुंबईत बोरिवलीला आणि सहावं सह्याद्रीत, चांदोलीला. तरी सुट्ट्या लागल्या की विचारणा सुरू होते, "जवळपास एखादं नॅशनल पार्क सांगा की, पोरांना घेऊन जायचंय." नान्नज सांगितलं, येडशीचं रामलिंग सांगितलं, की समोरच्याचा चेहरा पडतो. "ते होय? ते तर अभयारण्य."

या "ते तर" मध्ये सगळा घोळ आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे पहिल्या नंबरचं जंगल आणि अभयारण्य म्हणजे त्याच्या खालचं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे वनखात्याचा बोर्ड, दोन्हीकडे प्राणी, म्हणजे दोन्ही एकच, असं धरून चालणारेही पुष्कळ. दोन्ही समजांनी सहल बिघडते. पहिल्यामुळे घराजवळचं उत्तम ठिकाण बघायचं राहून जातं. दुसऱ्यामुळे माणूस दोनशे किलोमीटर गाडी हाकून बंद गेटसमोर उभा राहतो.

आकाराचा इथे काही संबंध नाही. नान्नजचं माळढोक पक्ष्यासाठीचं अभयारण्य हद्द छाटल्यावरही 1,222 चौरस किलोमीटरचं उरलं आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान 317.67 चौरस किलोमीटरचं, म्हणजे त्याच्या जेमतेम पाव. उलट अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी हेही अभयारण्यच, पण ते अवघं 2.17 चौरस किलोमीटर. प्राणी किती आणि कोणते यावरूनही नाव ठरत नाही. फरक आहे तो त्या जमिनीवर माणसाचा हक्क किती उरतो, याचा.

दोन्ही प्रकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून येतात. शिकारीला दोन्हीकडे सारखीच बंदी. पण अभयारण्य जाहीर करताना जिल्हाधिकारी तिथल्या लोकांचे हक्क तपासतो आणि काही हक्क वनखात्याशी विचारविनिमय करून चालू ठेवू शकतो. गाव राहू शकतं, शेती राहू शकते, देवळाची वाट राहू शकते. चराई तर पूर्ण बंदच केली पाहिजे असं नाही. तिच्यावर नियंत्रण ठेवता येतं. राष्ट्रीय उद्यानात मात्र सगळे हक्क आधी मिटवावे लागतात, जमीन सरकारकडे यावी लागते आणि गुरं चारायला कायद्याने साफ मनाई. थोडक्यात, अभयारण्यात माणूस अटी पाळून राहू शकतो. राष्ट्रीय उद्यानात त्याला जागाच ठेवलेली नाही.

हे कागदावरचं वाक्य जमिनीवर कसं दिसतं ते पाहायचं तर बार्शी रोडने नान्नजला जावं. सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटर. पहिल्यांदा जाणारा विचारतो, "अभयारण्य कुठं सुरू होतं?" कारण दोन्ही बाजूंना शेतं असतात. ज्वारी, तूर, मध्येच ऊस, द्राक्षाचा मांडव, आणि या सगळ्यांत तुकड्यातुकड्याने राखलेलं गवत. शेताच्या बांधावर काळवीट उभा असतो. नर अंगाने गडद तपकिरी ते काळा, पोट आणि डोळ्यांभोवतीची कडी पांढरी, शिंगं पिळदार. माद्या फिकट बदामी, त्यामुळे वाळलेल्या गवतात बसल्या तर कान हलेपर्यंत दिसत नाहीत. कळप ज्वारीत शिरला की शेतकऱ्याचं नुकसान ठरलेलं, आणि त्याला हात लावायची सोय नाही, कारण काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, पंचनाम्याची वाट बघायची. नान्नजच्या पंचक्रोशीतले लोक हे वर्षानुवर्षं सोसत आले आहेत. तिथे काळवीट दिसतो त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, हे सहलीला जाणाऱ्याने विसरू नये.

त्यांनी सोसलेलं यापेक्षाही मोठं आहे. 1979 साली माळढोकासाठी हे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. सोलापूर जिल्हाच मुळात पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, यावरून अंदाज करा. तालुक्याची गावं, बाजारपेठा, लोकांच्या मालकीची शेतं, सगळं त्या हद्दीत आलं. कायद्याचा नियम असा की अधिसूचना निघाली की त्या हद्दीत नवा हक्क निर्माण होत नाही, वारसाहक्क तेवढा चालतो. म्हणजे बापाची जमीन पोराच्या नावावर लागेल, पण मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे लागले म्हणून एकर-दोन एकर विकायला गेलं की अडलं. जमीन बिगरशेती (एनए) होईना, कारखाना येईना. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत विषय गेला आणि हद्द 1,222 चौरस किलोमीटरवर आणली गेली. माझ्या मते ते योग्यच झालं. एवढी मोठी हद्द नकाशावर आखून माळढोक वाचला नाही. उजनीचं पाणी आलं तसा माळ ओलिताखाली गेला, आणि शेतकरी मात्र पक्ष्यावर चिडून बसला.

माळढोक आता नान्नजला दिसेल अशी आशा धरून जाऊ नका. तो देशभरातच अगदी थोडा उरला आहे, आणि जे आहेत त्यातले बहुतेक राजस्थानात. मादी उघड्या जमिनीवर साधारण एकच अंडं घालते, तेही पावसाळ्याच्या सुमारास, त्यामुळे एकेक अंडं लाखमोलाचं. त्याला झाडी लागत नाही, मोकळा माळ लागतो, लांबवर नजर जाईल असा. "माळ ओसाड पडलाय, झाडं लावा" असं म्हणणारे चांगल्या मनाने बोलतात, पण दाट झाडं लावली की त्याचं घर मोडतं. हीच गोष्ट लांडग्याची, खोकडाची, धाविक पक्ष्याची, चंडोलाची. हे सगळे गवताचे रहिवासी. धनगरांची मेंढरं या माळावर पिढ्यानपिढ्या चरत आली आणि लांडगाही त्यांच्या मागावर राहत आला. अशा ठिकाणी राष्ट्रीय उद्यानासारखी "एक शेळी आत येता कामा नये" ही भूमिका बसत नाही. अभयारण्य इथे दुय्यम म्हणून नाही, या जागेला तोच प्रकार लागू पडतो म्हणून आहे.

येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य हे वेगळ्या अर्थाने बोलकं. 22.37 चौरस किलोमीटरचं छोटं जंगल, बालाघाटाच्या डोंगरात, आणि ऐन मधोमध महादेवाचं देऊळ. जटायूने प्राण सोडला तो इथेच, अशी भाविकांची श्रद्धा. श्रावणात तिथे गर्दी लोटते, पावसाळ्यात देवळाजवळचा धबधबा बघायला तरुण पोरं येतात, आणि माकडं प्रसादाच्या पिशव्यांवर लक्ष ठेवून बसलेली असतात. लोकांची देवळाकडची वहिवाट आणि जंगलाचं संरक्षण एकाच हद्दीत नांदतं, ते अभयारण्य असल्यामुळे.

आता चांदोली. वारणा धरणाच्या वर, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवरचं हे जंगल 1985 साली अभयारण्य झालं आणि 2004 साली राष्ट्रीय उद्यान. म्हणजे एकाच जागेने दोन्ही रूपं पाहिली. आतली गावं धरणामुळे आणि अभयारण्यामुळे उठली, लोक सांगली-कोल्हापूरच्या वसाहतींत गेले. पुनर्वसनाचे प्रश्न काहींचे अजून सुटलेले नाहीत. आतल्या जंगलात जुन्या गावांच्या जागा आहेत, देवळांचे अवशेष आहेत, आणि तिथे आता गवे चरतात. पर्यटक म्हणून आत जाताना ही किंमत कोणी मोजली याची जाणीव असावी, असं मला मनापासून वाटतं.

चांदोलीच्या बाबतीत आणखी एक नाव मध्ये येतं आणि गोंधळ वाढवतं, ते म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. 2010 साली चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून तो झाला. व्याघ्र प्रकल्प हा या दोघांवर चढवलेला तिसरा थर आहे. त्यात गाभा क्षेत्र असतं, भोवती बफर, म्हणजे संरक्षक पट्टा असतो. त्यामुळे "चांदोली उद्यान आहे की व्याघ्र प्रकल्प?" याचं उत्तर, दोन्ही. ताडोबासारखे वाघ दिसतील या हिशोबाने मात्र जाऊ नये. घनदाट सदाहरित रान, गवा, शेकरू, पाण्याने भरलेला वारणेचा जलाशय, हे बघायला जावं. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना जागतिक वारसा मिळाला, त्यात चांदोली आहे, आणि कोयना, राधानगरी ही अभयारण्यंही आहेत. युनेस्कोने तिथे उद्यान आणि अभयारण्य असा उच्चनीच भेद केला नाही.

"उद्यानात माणूस नाही" हे कायद्याचं म्हणणं. प्रत्यक्षात बोरिवलीला आदिवासी पाडे आहेत, कान्हेरीच्या लेण्यांना लोक जातच असतात. मोठ्या शहराच्या पोटात असल्यामुळे ते प्रकरणच निराळं. त्यावरून बाकीच्या उद्यानांचा अंदाज बांधू नये.

सहलीच्या आखणीत या फरकाचा उपयोग असा. अभयारण्याला जोडून फिरता येतं, राष्ट्रीय उद्यानासाठी वेगळा बेत करावा लागतो. सकाळी लवकर सोलापूर सोडून नान्नज, तिथून वैराग, बार्शी करत येडशी, आणि परत धाराशिव, तुळजापूरमार्गे घरी, ही एका दिवसाची फेरी आहे. हद्दीतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून जायला परवाना लागत नाही, पण गाडी सोडून राखीव माळात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आणि शुल्क दोन्ही लागतं. नान्नजला उजाडताच पोचलं तर प्राणी दिसतात. ऊन चढलं की काळवीटही सावली धरतो. पावसानंतर गवत वर येतं तेव्हाचा माळ सगळ्यात देखणा. दिवाळीच्या सुमारास कुसळं पिकतात आणि पँटच्या शिवणीत अशी घुसतात की घरी येऊन एकेक उपटत बसावं लागतं, तेव्हा जाड कापड घाला. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुरते, दिवसभर खराब होत नाही. चूल मात्र मांडू नका. वाळल्या माळाला ठिणगी पुरते, आणि अभयारण्यात आग लावणं हा गुन्हाच आहे. हुरडा खायचा तर ओळखीच्या शेतात बसून खावा.

वायव्येकडची फेरी टेंभुर्णी, करमाळा, कर्जत करत रेहेकुरीला जाते. छोटं आहे, पण काळवीट जवळून बघायला मुलांसाठी सोयीचं. येताना राशीनवरून भिगवणला उतरलात तर उजनीचा फुगवटा लागतो. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात, स्थानिक मच्छीमार होडीतून नेतात. उजनीचा तो काठ ना अभयारण्य आहे ना उद्यान, म्हणून तिथे शिस्त आपली आपणच पाळायची. होडीवाल्याला "अजून जवळ घ्या" म्हणून थवा उडवायला लावणारे पर्यटक पाहिले की जीव कळवळतो.

चांदोलीला मात्र मुक्काम धरूनच निघावं. मंगळवेढा, सांगोला, मिरजमार्गे सांगली, तिथून वाटेत सागरेश्वर अभयारण्य. 10.87 चौरस किलोमीटरचं हे रान धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून उघड्याबोडक्या डोंगरावर उभं राहिलं. हरणं तिथे बाहेरून आणून सोडली. रात्री कराडला किंवा शिराळ्याच्या बाजूला राहून सकाळी चांदोलीचं गेट गाठायचं. तिथे स्वतःच्या मर्जीने कुठेही वळता येत नाही. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, परवाना, सोबत गाईड. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं, म्हणजे नान्नज हिरवं असतं नेमकं तेव्हा चांदोली मिटलेली. निघण्याच्या दोन दिवस आधी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात फोन करून गेट उघडं आहे का, गाड्या किती सोडतात, आठवड्याची सुट्टी कधी, एवढं विचारून घ्या. जून ते ऑक्टोबरमध्ये सुट्टी मिळत असेल तर चांदोलीचा बेत हिवाळ्यावर ढकला आणि तो आठवडा नान्नज-येडशीला द्या.