मूत्रपिंडजन्य हृदयरोगाची प्राणी-प्रतिमाने

मूत्रपिंडे वर्षानुवर्षे निकामी होत गेली की हृदयही बिघडते. डाव्या जवनिकेची भिंत जाड होते, स्नायूंत तंतू माजतात, केशवाहिन्या विरळ होतात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते. 2008 मध्ये क्लॉडिओ रोंको आणि सहकाऱ्यांनी हृदय-मूत्रपिंड विकारांचे पाच प्रकार मांडले, त्यांतला हा चौथा. तो समजून घेण्यासाठी बहुधा उंदीर-घुशींच्या वर्गातले प्राणी वापरतात. मात्र मूत्रपिंड कसे बिघडवले, यावर हृदयाला काय होणार हे बरेचसे ठरते.

सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे पाच-षष्ठांश मूत्रपिंड काढणे. रॅटचे (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचे) एक मूत्रपिंड पूर्ण आणि दुसऱ्याचा दोन-तृतीयांश भाग, सहसा आठवडाभराच्या अंतराने, निकामी करतात. इथे एक बारकावा आहे. दुसऱ्या मूत्रपिंडाची दोन्ही टोके कापली तर रक्तदाब तुलनेने कमी चढतो. त्याऐवजी त्याच्या धमनीच्या शाखा बांधल्या, तर रक्ताला तहानलेली ऊती रेनिन हे रक्तदाब वाढवणारे द्रव्य सोडते आणि दाब भडकतो. मग हृदय जाड झाले ते दाबामुळे की रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे? शोधनिबंधात नुसते ‘पाच-षष्ठांश’ एवढेच लिहिले असेल, तर याचे उत्तर मिळत नाही. उंदरांत वंशही आडवा येतो: सी57बीएल/6 उंदीर बराच तग धरतात, 129/एसव्ही लवकर ढासळतात.

अ‍ॅडेनिनयुक्त आहारात शस्त्रक्रिया लागत नाही. रॅटना साधारण 0.75 टक्के अ‍ॅडेनिन देतात. त्याचे 2,8-डायहायड्रॉक्सीअ‍ॅडेनिन होऊन स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतात. फॉस्फेट भराभर वाढते, म्हणून धमन्यांतील कॅल्शियम अभ्यासायला ही पद्धत सोयीची. पण चव न आवडल्याने प्राणी खाणे टाळतात, वजन उतरते, आणि रोडावलेल्या प्राण्याच्या हृदयाचे वजन शरीराच्या वजनाशी ताडून पाहणे फसवे ठरते. अशा वेळी नडगीच्या हाडाची लांबी हे माप बरे.

माणसाच्या आजाराच्या चालीशी अधिक जुळतो तो सीवाय/+ रॅट. अँक्स6 जनुकातील बदलामुळे त्याच्या मूत्रपिंडांत आपोआप द्रवाने भरलेल्या गाठी होतात आणि नरांची मूत्रपिंडे साधारण 35 ते 40 आठवड्यांत संपुष्टात येतात. संथपणा हाच त्याचा गुण, आणि घाईतल्या प्रयोगशाळेला तोच परवडत नाही.

या सगळ्यांतून एक गोष्ट निसटते: रुग्णांना मिळणारे डायलिसिस या प्राण्यांना मिळत नाही. शिवाय उंदराचे हृदय मिनिटाला 500 ते 600 वेळा, म्हणजे माणसाच्या कितीतरी पट वेगाने धडधडते; म्हणून निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.