साबणाचा फुगा, मे महिना आणि इंदूरची गच्ची

इंदुरात मे महिन्यात दुपारी साबणाचे फुगे उडवू नयेत. फुगा नळीवरून सुटतो न सुटतो तोच फुटतो, मुलं हिरमुसतात आणि मोठी माणसं द्रावणात भांडी घासायचं आणखी लिक्विड ओततात. दोष लिक्विडचा नसतो. फुग्याचं पापुद्र सुटताना साधारण काही मायक्रॉन जाडीचं, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ असतं. माळव्याच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी झपाट्याने उडतं. रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, गच्चीवर यायची खरी वेळ सूर्योदयाच्या आसपासची. तेव्हा हवेत दिवसातला सर्वाधिक दमटपणा असतो आणि वाराही बहुधा पडलेला असतो.

एक लिटर पाण्याला भांडी घासायचं घट्ट लिक्विड 50 ते 60 मिलिलिटर आणि औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन 40 मिलिलिटर घ्यावं. पाणी फिल्टरचं असावं. बोअरिंगच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम फेस मारतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, म्हणून बाष्पीभवन मंदावतं. लिक्विड मात्र एका मर्यादेपुढे वाढवून उपयोग नाही, कारण पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची आक्रसून घेण्याची ओढ, तिथून पुढे उतरतच नाही. मोठे फुगे हवे असतील तर 1 ग्रॅम गवार गम (गवारीच्या बियांची पूड), म्हणजे चहाचा साधारण पाव चमचा घालावा. त्याच्या लांबलचक रेणूंमुळे पापुद्र ताणलं तरी चटकन फाटत नाही. पूड थेट पाण्यात टाकली की गाठी होतात, म्हणून ती आधी ग्लिसरीनमध्ये कालवावी आणि मग कोमट पाण्यात हळूहळू सोडावी. द्रावण रात्रभर झाकून ठेवावं. वर साठलेला फेस सकाळी चमच्याने काढायलाच हवा, नाहीतर त्यातले बारीक बुडबुडे फुटताना मोठं पापुद्रही फोडतात.

मोठ्या फुग्यासाठी दोन काठ्यांच्या टोकांना 60 सेंटिमीटर आणि 120 सेंटिमीटर अशा दोन सुती दोऱ्या बांधाव्यात. लांब दोरीच्या मध्यावर एक वॉशर ओवला की त्रिकोण होतो. नायलॉनची दोरी नको, ती द्रावण शोषत नाही. दोऱ्या पूर्ण भिजवून काठ्या उघडाव्यात, संथपणे मागे सरकावं आणि शेवटी काठ्या जवळ आणून फुगा मिटवावा. घाईने ओढलं तर पापुद्र फाटतं.

पण झेनवृत्तीला, म्हणजे ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध परंपरेच्या शांत वृत्तीला, साजेसा खेळ याहून लहान आहे, आणि आमच्या मते जास्त सुंदरही. स्टीलच्या ताटलीत द्रावणाचा पातळ थर द्यावा, ओल्या स्ट्रॉने त्यावर अर्धगोल फुगा फुगवावा आणि आतून ओला केलेला काचेचा बाउल त्यावर पालथा घालावा. आतली हवा दमट राहते, त्यामुळे फुगा मिनिटंच्या मिनिटं टिकू शकतो. आता काहीच करायचं नाही. धरायचं नाही, फुंकायचं नाही, फक्त पाहायचं. द्रव खाली ओघळतो, माथा पातळ होत जातो आणि रंगांचे पट्टे खाली उतरू लागतात. आधी फिके गुलाबी-हिरवे, मग गडद निळे-जांभळे, त्यानंतर तपकिरी-पिवळे, शेवटी रुपेरी पांढरा. पापुद्र्याच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. त्यातला कोणता रंग उजळायचा आणि कोणता विझायचा, हे जाडी ठरवते. मग माथ्यावर काळा डाग उमटतो. तिथे जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतकी कमी उरलेली असते की दोन्ही परावर्तनं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. न्यूटननेही हे काळे डाग बारकाईने पाहिले होते. झेन परंपरेत मान असलेल्या वज्रसूत्र या बौद्ध ग्रंथात जगाला बुडबुड्याची उपमा आहे. इथे तो बुडबुडा विरत जाताना टप्प्याटप्प्याने पाहायला मिळतो.

ताटलीत दोन असमान फुगे चिकटवले तर मधली भिंत मोठ्या फुग्याच्या बाजूला फुगते, कारण लहान फुग्यातला दाब जास्त असतो. तिसरा फुगा जोडला की तीन भिंती 120 अंशांत भेटतात. हा नियम बेल्जियमचा भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो याने 1873 साली मांडला. तोवर त्याची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

फुग्याला हात लावायचा असेल तर बोट द्रावणात बुडवूनच लावावं, कोरडं बोट त्याला फोडतं. गच्चीवरच्या फरशा निसरड्या होतात, त्यामुळे खेळून झाल्यावर पाणी मारून झाडून घ्यावं. गवार गम घातलेलं द्रावण उकाड्यात लवकर आंबतं. वास आला की टाकून द्यावं आणि पुढच्या वेळी अर्धा लिटरच करावं.