जुन्या पुतळीवर 916 कुठून आला?

'पेशवाईतली' म्हणून दाखवलेल्या पुतळ्यांच्या (सोन्याच्या नाण्यांच्या) माळेवर 916 (22 कॅरेटची खूण) आणि शेजारी त्रिकोण दिसला, तर त्यावरून एकच गोष्ट ठरते: हा शिक्का 2000 सालानंतर उमटला. भारतीय मानक ब्युरोची सोन्याची हॉलमार्क योजना तेव्हाची. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा क्रमांक) तर 2021 चा. आजीच्या दागिन्यावर यातलं काही नसणारच. मोड घेताना 'शिक्का नाही, घट जास्त धरावी लागेल' असं ऐकवतात, त्याला शास्त्राचा आधार नाही.

विलायती दागिन्याचं वेगळं. तिथे बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. 15 कॅरेटचा शिक्का असेल तर दागिना 1854 ते 1932 मधला, कारण ती प्रत तेवढाच काळ चालली.

पुतळी मुळात व्हेनिसचं डुकाट हे नाणं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज (व्हेनिसचा शासक), दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. भिंगाखाली लॅटिन अक्षरं लागली, तर डोजच्या नावावरून काळ सापडतो. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या असतील, तर ती इकडच्या सोनाराने केलेली नक्कल. नक्कल असली म्हणून सोनं हलकं असं मात्र नाही. ते कसोटीलाच विचारावं.

कसोटीचा दगड काळा, बारीक कणांचा आणि आम्लाला दाद न देणारा असतो. त्यावर दागिन्याची रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची, आणि दोन्हींवरून तेजाब (नायट्रिक आम्ल) फिरवायचं. आम्ल तांबं-चांदी विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. मग 22 कॅरेटच्या रेघेतलं आठ टक्के तांबं का विरघळत नाही? कारण आम्ल वजन बघत नाही, त्याची गाठ अणूंशी पडते. सोन्याचा अणू तांब्याच्या तिप्पट जड. त्यामुळे फक्त तांबं मिसळलेल्या 22 कॅरेटमध्ये शंभरातले 78 अणू सोन्याचे असतात, 18 कॅरेटमध्ये 49, आणि 14 कॅरेटमध्ये वजनाने 58 टक्के सोनं असूनही अणू फक्त 31. सोन्याचे अणू निम्म्याच्या आसपास पोचले की तांब्याची सलग, पुरेशी रुंद साखळी उरत नाही. पृष्ठभागावरचे तेवढे विरघळतात, मागे उरलेले सोन्याचे अणू सरकून भोकं बुजवतात आणि आम्लाची वाट बंद होते. सोनं त्याहून कमी असेल, तर तांब्याची साखळी सलग असते. आम्ल तिच्या मागोमाग आत शिरतं आणि रेघ तपकिरी होऊन विटते. 18 आणि 22 मधला फरक काढायला तेजाबात किंचित हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, कारण ते मिश्रण सोन्यालाही खातं. हे काम घरी करू नये.

'लोहचुंबकाला चिकटलं नाही म्हणजे खरं सोनं' ही व्हॉट्सअॅपवरची चाचणी विसरा. तांबं, चांदी, पितळ यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही.

चुका होतात त्या जागेच्या. जुना दागिना उजाळा देताना कित्येकदा आंबटात उकळलेला असतो. वरचं तांबं निघून गेलेलं, पृष्ठभाग आतल्यापेक्षा शुद्ध. क्ष-किरणांचं यंत्र वरचे काही मायक्रॉनच वाचतं, म्हणून आकडा चढा येतो. आधी कडेला हलकी कानस मारावी, मग कस घ्यावा. सांध्यावर मात्र घेऊ नये: तिथला डाग (सांधा जोडणारा धातू) लवकर वितळावा म्हणून हलक्या सोन्याचा असतो. पाण्यात तोलून घनता काढायची तर 22 कॅरेटची पाण्याच्या 17.7 पटीच्या आसपास यायला हवी. पण बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते आणि आकडा कोसळतो.

सांध्यात कॅडमियम सापडलं, तर निदान तो सांधा तरी पेशवाईतला नव्हे. केडीएम म्हणतात ते हेच कॅडमियम, शुद्धतेचा शिक्का नव्हे. ते 767 अंशांना उकळतं आणि त्याची वाफ विषारी असते, म्हणून असा दागिना पुन्हा तापवण्याआधी सोनाराला तसं सांगावं.