नोंदणी ‘रद्द केली’ आणि नोंदणी ‘रद्द झाली’

दुकान बंद करायचं ठरलं की बाजारातला पहिला सल्ला ठरलेला असतो: “सहा महिने रिटर्नच भरू नका. जीएसटी आपोआप रद्द होतो. कशाला अर्जाच्या भानगडीत पडता?” सांगणारा खोटं बोलत नसतो. नंबर खरंच रद्द होतो, फक्त रद्द करणारा हात वेगळा असतो आणि त्याची नोंदही वेगळी राहते. जीएसटी पोर्टलवर कुणीही तुमचा नंबर टाकून पाहू शकतो. स्वतः अर्ज केलेला असेल तर समोर येतं ‘कॅन्सल्ड ऑन अ‍ॅप्लिकेशन ऑफ टॅक्सपेयर’. अधिकाऱ्यानं रद्द केलेला असेल तर ‘कॅन्सल्ड सुओ मोटो’. उद्या नव्या धंद्यासाठी उधारीवर माल मागायला गेलात, तर समोरचा व्यापारी ही ओळ बघूनच बसलेला असतो.

कायद्याचं कलम एकच आहे, २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्यातलं कलम २९. त्याच्या पहिल्या पोटकलमात तुम्ही मागितलेलं रद्दीकरण येतं: धंदा बंद केला, पूर्णपणे दुसऱ्याच्या नावे केला, मालक वारला, किंवा उलाढाल इतकी कमी झाली की नोंदणीची गरजच उरली नाही. दुसऱ्या पोटकलमात अधिकारी स्वतःहून करतो ते. रिटर्न न भरणं हे त्याचं सर्वांत नेहमीचं कारण. दरमहा रिटर्नवाल्यानं सलग सहा महिने, तिमाहीवाल्यानं सलग दोन तिमाह्या, कंपोझिशनवाल्यानं (म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दरानं कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यानं) वर्षाचं रिटर्न मुदत उलटून तीन महिने भरलं नाही, की अधिकाऱ्याला कारवाई सुरू करता येते. करता येते, म्हणजे करेलच असं नाही. सातव्या महिन्याच्या एक तारखेला सगळं सुटेल या आशेवर बसलेल्याचं वर्ष वर्ष जातं, आणि तोवर प्रत्येक न भरलेल्या रिटर्नचं विलंब शुल्क चढतच असतं. विक्री शून्य असली तरी जीएसटीआर-३बीला, म्हणजे कर भरायच्या नेहमीच्या रिटर्नला, दिवसाला २० रुपये, कमाल ५००. म्हणजे पंचवीस दिवसांत एका महिन्याचे पाचशे पूर्ण. विक्री असेल तर दिवसाला ५० रुपये, आणि दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला एका रिटर्नमागे कमाल २,०००.

स्वतः रद्द करायचं तर फॉर्म आरईजी-१६. धंदा बंद झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. अर्ज गेला की नोंदणी ‘सस्पेंड’ होते. त्या काळात करपात्र बिल फाडायचं नाही, आणि नेहमीचं रिटर्नही भरावं लागत नाही. अर्जात खोट नसेल तर अधिकाऱ्यानं ३० दिवसांत आदेश काढायचा. एवढंच. पण अर्जाच्या अलीकडे एक हिशेब असतो आणि लोक नेमके तिथेच फसतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

नोंदणी संपते त्या दिवशी गोदामात जो माल पडून असेल, त्यावर तुम्ही घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सरकारला परत करावं लागतं. समजा हार्डवेअरच्या दुकानात चार लाखांचा माल उरला आणि त्यावर खरेदीच्या वेळी १८ टक्क्यांनी ७२,००० रुपये क्रेडिट घेतलेलं आहे. तो माल न विकता नंबर रद्द केलात, तर हे ७२,००० भरायचे. त्या मालाच्या विक्रीवरचा जीएसटी त्याहून जास्त बसत असेल तर तो भरायचा, कारण दोन्हींपैकी जी रक्कम मोठी असेल ती लागते. यंत्राचा हिशेब थोडा वेगळा. त्याचं आयुष्य पाच वर्षं, म्हणजे ६० महिने धरतात. कटिंग मशीनवर ३६,००० क्रेडिट घेतलं होतं आणि ते ३६ महिने वापरलं, तर उरलेल्या २४ महिन्यांचे १४,४०० परत करायचे. इथेही बाजारभावावरचा कर जास्त असेल तर तोच. म्हणून जुने व्यापारी अर्जाआधी ‘दुकान खाली करणे आहे’चा बोर्ड लावतात, ते उगाच नाही. माल गिऱ्हाइकाला विकला की त्यावरचा कर गिऱ्हाइकाकडून येतो. न विकता ठेवला की तोच कर तुमच्या खिशातून जातो.

अधिकाऱ्यानं रद्द केलं म्हणून हा हिशेब टळतो, असा एक गोड गैरसमज आहे. टळत नाही. नोंदणी कशीही संपो, मालावरचं क्रेडिट परत करावंच लागतं आणि आधीची देणीही तशीच राहतात. फरक इतकाच की अर्ज करणारा आपला माल आपण मोजून आकडा लिहितो. रिटर्न न भरणाऱ्याचा कर अधिकारी हाती असलेल्या माहितीवरून, म्हणजे बऱ्याचदा अंदाजानं ठरवू शकतो. आणि अंदाज आपल्या सोयीचा निघाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

त्या दुसऱ्या वाटेवर आधी आरईजी-१७ ची कारणे दाखवा नोटीस येते. उत्तराला कामाचे सात दिवस मिळतात. या टप्प्यावर राहिलेली सगळी रिटर्न कर, व्याज आणि विलंब शुल्कासह भरून टाकली तर कारवाई मागे घेतली जाते. गप्प बसलात तर आरईजी-१९ चा आदेश. त्यात एक तारीख असते आणि अधिकारी ती मागचीही घालू शकतो. हा फरक मला सगळ्यात जाचक वाटतो. कारण मागच्या तारखेनं नंबर रद्द झाला की मधल्या काळात ज्यांनी तुमच्याकडून बिलानं माल घेतला, त्यांचं क्रेडिट अडकतं. मग ज्याच्याबरोबर पंधरा वर्षं व्यवहार केला तो माणूस फोन करून विचारतो, “अहो, तुमच्या बिलावर मला नोटीस कशी आली?” कारण न देता, सरसकट मागची तारीख घालणं बरोबर नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं अनेक प्रकरणांत म्हटलं आहे. पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत कोण जाणार? शेवटच्या बिलाची तारीख जपणं स्वस्त पडतं.

आता एक उलटी गोष्ट. नियमानं वागणाऱ्यालाच इथे जरा कमी मिळतं. अधिकाऱ्यानं स्वतःहून रद्द केलेली नोंदणी पुन्हा जिवंत करता येते. आरईजी-२१ चा अर्ज, आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत. (१ ऑक्टोबर २०२३ आधी ही मुदत ३० दिवस होती.) योग्य कारण दिलं तर वर १८० दिवसांपर्यंत वाढ मिळू शकते. अट एवढीच की रद्द झाल्या तारखेपर्यंतची सगळी रिटर्न आणि देणी आधी चुकती करायची. स्वतः अर्ज करून रद्द केलेल्याला हा दरवाजा नाही, कारण कलम ३० फक्त अधिकाऱ्यानं आपणहून रद्द केलेल्या नोंदणीबद्दल बोलतं. चार महिन्यांनी मुलगा म्हणाला “बाबा, दुकान मीच चालवतो”, तर नवीन नोंदणी, नवा नंबर. म्हणून खात्री नसेल तर दोन-तीन महिने शून्याची रिटर्न वेळेवर भरत राहणं शहाणपणाचं. वेळेवर भरलं तर त्याला शुल्क नाही.

पण म्हणून कुणी “मग अधिकाऱ्याकडूनच रद्द होऊ द्यावा” म्हणेल, तर थांबा. सुओ मोटो रद्द झालेला नंबर तसाच सोडून त्याच पॅनवर नवा घ्यायला गेलात, तर जुनी रिटर्न का भरली नाहीत आणि जुनी नोंदणी पुन्हा सुरू का केली नाही, हा प्रश्न येतो. मार्च २०१९ च्या केंद्राच्या परिपत्रकानंच अधिकाऱ्यांना असे अर्ज तपासून घ्यायला सांगितलं आहे.

दोन्ही वाटा शेवटी एकाच फाट्यावर येतात, आणि तो फाटा बहुतेक जण बघतच नाहीत: शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०. रद्द झाल्याची तारीख किंवा आदेशाची तारीख, यातली जी नंतरची, तिच्यापासून तीन महिन्यांत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, कमाल १०,०००. २०२३ मध्ये १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट सरकारनं हे शुल्क १,००० वर आणून सवलत दिली होती. इतके लोक त्यात अडकले होते, यातच काय ते आलं. कंपोझिशनवाल्याला मात्र जीएसटीआर-१० नाही.

आणि जीएसटी रद्द म्हणजे धंदा बंद, हेही खरं नाही. मालाच्या धंद्यात ४० लाखांच्या आत, सेवेत २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर नंबर सोडूनही दुकान चालू ठेवता येतं; आंतरराज्य मालविक्रीसारखी नोंदणी सक्तीची करणारी कारणं मात्र नसावीत. उलट दुकान खरंच बंद केलं तरी शॉप अ‍ॅक्ट (मुंबईत आणि विदर्भात ‘गुमास्ता’), उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), खाद्यपदार्थांचा परवाना हे सगळं वेगवेगळं बंद करावं लागतं. महाराष्ट्रात सर्वांत जास्त विसरला जातो तो व्यवसाय कर. पीटीईसी, म्हणजे या कराची नोंदणी, रद्द केली नाही तर वर्षाला २,५०० रुपयांचं देणं बंद दुकानाच्या नावानं चढत राहतं. आणि कोल्हापूरच्या दुकानाची शाखा म्हापशात असेल तर २७ नं सुरू होणारा महाराष्ट्राचा नंबर रद्द केल्यानं ३० चा गोव्याचा नंबर रद्द होत नाही. तो वेगळा अर्ज.

आरईजी-१६ भरण्याआधी पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल तपासून घ्या. पुष्कळ दुकानांत तो तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो, आणि नोटीस ईमेलवर गेली की कायद्यानं ती तुम्हाला मिळालीच. वह्या आणि बिलं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची आहेत. गाळा सोडताना रद्दीवाल्याला बोलवाल, तेव्हा तेवढं खोकं बाजूला काढून ठेवा.