नव्वद दिवस उलटल्यावर आलेली कैफियत

दिवाणी दाव्याचे समन्स बजावले गेले की प्रतिवादीने ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपले उत्तर, द्यायची. सबळ कारण असेल तर न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ८, नियम १ एवढेच सांगतो. तरीही शंभराव्या, दोनशेव्या दिवशी आलेल्या कैफियती विलंबमाफीचा अर्ज देऊन आणि उशिराबद्दल थोडाफार खर्च भरून दाखल करून घेतल्या जातात. ही मुभा संहितेच्या कोणत्याही कलमात स्पष्ट लिहिलेली नाही. कायदा जिथे गप्प राहिला, तिथून ती आली आहे.

१९०८ च्या मूळ संहितेत दिवसांचा आकडाच नव्हता. पहिल्या सुनावणीपर्यंत किंवा न्यायालय देईल त्या मुदतीत कैफियत द्यायची, एवढेच होते. १९७६ च्या दुरुस्तीने ती देणे प्रतिवादीवर बंधनकारक केले, पण मुदत न्यायाधीशांच्याच हाती राहिली. साहजिकच एका कैफियतीसाठी तारखांवर तारखा पडत.

हा प्रकार मोडायला संसदेने १९९९ च्या दुरुस्तीत ३० दिवसांची मुदत घातली. वकिलांनी देशभर विरोध केला आणि अंमलबजावणी लांबली. २००२ च्या दुरुस्तीने मधला मार्ग काढला: ३० दिवस, कारणे नोंदवून फार तर ९०. दोन्ही दुरुस्त्या १ जुलै २००२ पासून लागू झाल्या. ९० दिवसांनंतर काय, हे मात्र कोणी लिहिले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नेमके तेच पकडले. २००५ च्या एप्रिलमध्ये 'कैलाश विरुद्ध नन्हकू' हे उत्तर प्रदेशातल्या निवडणूक याचिकेचे प्रकरण सरन्यायाधीश लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे आले. नियमाची भाषा नकारार्थी आणि कडक असली तरी मुदत चुकल्याचा परिणाम त्यात सांगितलेला नाही. शिवाय हा नियम कार्यपद्धतीचा आहे आणि कार्यपद्धती न्यायाच्या सेवेसाठी असते. तेव्हा नियम निर्देशात्मक, म्हणजे एरवी पाळायचा पण गरजेला शिथिल करता येणारा आहे, अनिवार्य नाही, असा निकाल पीठाने दिला. ही मुभा सरसकट नसून अपवादात्मक परिस्थितीपुरती आहे, हेही बजावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेलम वकील संघटनेच्या प्रकरणात याला दुजोरा मिळाला. तिथे त्याच आदेश ८ मधल्या नियम १० चा आधार घेतला गेला: कैफियत आली नाही तर न्यायालय निकाल देऊ शकते 'किंवा योग्य वाटेल तो आदेश' करू शकते. मग त्या आदेशात आणखी मुदत देणे का बसू नये?

विचाराची ही वाट जुनीच होती. १९५५ साली संग्रामसिंग प्रकरणात न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी प्रक्रियेचे नियम न्याय सुकर करण्यासाठी आहेत, पक्षकाराला कोंडीत पकडण्यासाठी नाहीत, असे सांगितले होते. बोस हे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

अपवादाचा नेम व्हायला वेळ लागला नाही. 'कैलाश'च्या पीठावर असलेले न्यायमूर्ती बालसुब्रमण्यन यांनीच २००७ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात इशारा दिला की मुदत सैल हाताने वाढवत गेलो तर दुरुस्तीचा हेतूच बारगळेल. २०१८ मध्ये 'अॅटकॉम' प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने वर्षानुवर्षांच्या विलंबानंतर स्वीकारलेली कैफियत सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. उशीर जितका मोठा तितकी कारण पटवण्याची जबाबदारी जड, असा त्याचा रोख होता. माझ्या मते खरी अडचण खर्चाच्या रकमेत आहे. उशिराची किंमत वादी वर्षांत मोजतो आणि प्रतिवादी काही हजार रुपयांत. तरी बाजू न ऐकताच दावा गमावलेल्या माणसाचेही म्हणणे उरतेच, विशेषतः चूक वकिलाची असेल तेव्हा.

व्यापारी दाव्यांपुरता संसदेने २०१५ मध्ये धडा घेतला. वाणिज्यिक न्यायालय कायद्याने ३० दिवसांची मुदत फार तर एकूण १२० दिवसांपर्यंत वाढवण्याची मर्यादा घातली आणि या वेळी परिणामही लिहून टाकला: त्यानंतर कैफियत देण्याचा हक्क संपला. नियम १० लाही मुदतवाढीस मनाई करणारी पुरवणी जोडून ती वाटही बंद केली. २०१९ च्या 'एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स' निकालात हा नियम अनिवार्य ठरला. शिवाय अशा दाव्याच्या मूल्याची किमान मर्यादा २०१८ मध्ये एक कोटीवरून तीन लाखांवर आली होती. म्हणजे कडक नियम आता मोठ्या कंपन्यांपुरता नाही, पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्यालाही लागू होऊ शकतो.

ग्राहक तक्रारींतही हाच वाद बराच काळ चालला. मार्च २०२० मध्ये 'हिली मल्टिपर्पज' प्रकरणात घटनापीठाने तो संपवला: ३० अधिक १५ दिवस, पुढे एकही नाही. साध्या दिवाणी दाव्यांत मात्र मुभा कायम असल्याचे त्याच वर्षी जानेवारीत 'देशराज' निकालाने स्पष्ट केले होते. मनाला येईल तेव्हा कैफियत द्यायचा हा परवाना नव्हे, असा खडा शेराही त्यात आहे.

१२० दिवसांची भिंत एकदाच बाजूला सरली, करोनाकाळात. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश वाणिज्यिक दाव्यांतल्या कैफियतींनाही लागू होतो, असे 'प्रकाश कॉर्पोरेट्स' निकालात फेब्रुवारी २०२२ मध्ये ठरले.