नेपाळला जाताय? आधार कार्डावर विसंबू नका: कोणाला कोणता कागद लागतो

नेपाळला व्हिसा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा तिथूनच सुरू होतो. व्हिसा नाही म्हणजे आधार कार्ड खिशात असलं की झालं, असं धरून लोक तिकिटं काढतात आणि विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर अडतात. तिकीट काढताना वेबसाइट कागद तपासत नाही. टूरवाले रेल्वेसाठी आणि हॉटेलसाठी आधारची झेरॉक्स मागतात, तेव्हा आपल्याला वाटतं की तेवढ्यावर काम भागलं. पुढचं कोणी सांगतच नाही.

विमानाने जाणाऱ्या १५ ते ६५ वयाच्या भारतीय नागरिकाला दोनपैकी एक कागद लागतो: चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, ऑफिसचं ओळखपत्र यातलं काही चालत नाही. "पण आधार तर सरकारचंच आहे ना?" हा प्रश्न काउंटरवर रोज कोणीतरी विचारतं. प्रश्न रास्त आहे, पण समोरच्या कर्मचाऱ्याच्या हातात काही नसतं. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून आधार धरला जात नाही, इतकंच कारण आहे.

आधार चालतं ते वयाच्या दोन टोकांना, १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. या दोघांसाठी पॅन, लायसन्स, फोटो असलेलं रेशनकार्ड असे इतर कागदही मान्य आहेत. इथे ज्येष्ठांची हमखास गफलत होते. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड साठीला मिळतं, त्यामुळे बासष्ट-त्रेसष्टचे काका ते कार्ड आणि आधार घेऊन निघतात. नेपाळसाठी साठीचा काही उपयोग नाही. एसटीचं अर्धं तिकीट ६५ ला सुरू होतं, ती रेषा डोक्यात ठेवा. जन्मतारखेच्या बाबतीत काठावर असाल तर मतदार कार्ड बरोबर घ्या, वाद घालायची वेळ येणार नाही.

सगळ्यात जास्त हाल होतात ते १५ ते १८ वयाच्या मुलांचे. आधारची सवलत पंधराव्या वर्षी संपते आणि मतदार कार्ड अठराशिवाय मिळत नाही. मधल्या तीन वर्षांत पासपोर्ट नसेल तर, पुढे सांगितलेली कुटुंबाची सवलत सोडली, तर एकच वाट उरते: शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा कॉलेजच्या प्राचार्यांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र. पालक धावतपळत नेहमीचं बोनाफाईड घेऊन येतात. त्यावर "सदर विद्यार्थी आमच्या शाळेत शिकत आहे" एवढंच असतं, आणि तो हा नमुना नव्हे. नमुना भारताच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवरून आपणच छापून शाळेत न्या, मुलाचा फोटो सोबत द्या, सही-शिक्का स्पष्ट उमटला आहे ना ते बघा. आणि हे एप्रिलमध्ये, परीक्षा संपायच्या आत उरका. नेपाळच्या सहली मे महिन्यात असतात आणि मे महिन्यात मुख्याध्यापक गावी असतात. कारकून म्हणतो "साहेब आल्यावर या", आणि साहेब येतात जूनमध्ये. खरं सांगायचं तर दहावीतल्या मुलाचा पासपोर्ट काढून टाकणं यापेक्षा सोपं आहे.

कुटुंबासाठी एक सवलत आहे आणि ती अर्धवट ऐकून लोक फसतात. नवरा, बायको, अल्पवयीन मुलं आणि आईवडील एकत्र जात असतील आणि त्यातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटो असलेलं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा यावर जाता येतं. अडचण पुराव्याची. रेशनकार्डावर नावं असतात, पण आपल्याकडच्या बऱ्याच रेशनकार्डांवर प्रत्येकाचा फोटो नसतो. भाचे-पुतणे, नणंद-भावजय, भिशीच्या मैत्रिणी या "कुटुंबात" मोडत नाहीत. मामाबरोबर निघालेल्या सोळा वर्षांच्या भाच्याला स्वतःचा कागद हवाच. माझं मत विचाराल तर ही सवलत अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवा, तिच्या भरवशावर तिकीट काढू नका.

मतदार कार्ड घरात असलं तरी एकदा कपाटातून काढून बघा. नावात चूक असते, लग्नानंतरचं नाव चढलेलं नसतं, कधी फोटो इतका काळपट की वडील कोण आणि मुलगा कोण कळू नये. तिकिटावरचं नाव कार्डावरच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणेच टाका. दुरुस्ती किंवा हरवलेल्या कार्डाऐवजी नवीन कार्ड, दोन्हीसाठी फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो. पहिल्यांदाच नाव नोंदवायचं असेल तर फॉर्म ६. कार्ड पोस्टाने येतं आणि सावकाश येतं. मतदानाच्या वेळी घरी येणारी चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे. झेरॉक्स आणि मोबाइलमधला फोटोही नको, मूळ कार्ड न्या.

गोरखपूरला उतरून सोनौलीहून किंवा रक्सौलहून रस्त्याने जाणाऱ्यांची तपासणी बरीच ढिली असते, हे खरं आहे. म्हणून आधारवर सीमा ओलांडून आलेले लोक "काही लागत नाही हो" असं छातीठोक सांगतात. पण परतीचं विमान काठमांडूहून असेल तर तिथे वरचे सगळे नियम लागू होतात. नेपाळमार्गे कैलास-मानसरोवरला जायचं असेल किंवा भारताखेरीज दुसऱ्या देशातून नेपाळमध्ये उतरायचं असेल, तर पासपोर्टच लागतो.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळी कस्टमचं शुल्क, दिवसांच्या हिशेबाने भरायचं असतं. आरसी आणि लायसन्स मूळ हवं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र जवळ ठेवा. दरडीमुळे रस्ते बंद होतात, म्हणून एक दिवस जास्तीचा भरा. मुदत उलटली की दंड होतो आणि तिथे कोणी दरडीची गोष्ट ऐकत नाही.

मुक्तिनाथचं देवस्थान अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं, त्या क्षेत्रात जायचा परवाना पोखऱ्यात मिळतो. भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना तो १,००० नेपाळी रुपयांना पडतो. पासपोर्ट आकाराचे फोटो घरूनच न्या.

पैशांचं सोपं आहे: १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, त्यामुळे मोठ्या नोटांकडे अजून संशयाने बघितलं जातं. शंभराच्या नोटा न्याव्यात.

तिथे गेल्यावर कागद हरवला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन काठमांडूच्या भारतीय दूतावासात जा. ते तातडीचं प्रमाणपत्र देतात. ते फक्त भारतात परतण्यासाठी, एकाच फेरीसाठी असतं. त्यासाठी पासपोर्टची किंवा मतदार कार्डाची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत असावी, आणि एक प्रत घरच्या कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर.